फोटोशॉप उघडतं, पण कॅनव्हास काळा

वाचकाचं पत्र: महिन्याभरापूर्वी लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. माझ्याकडे फोटोशॉप सीएस६ ची विकत घेतलेली प्रत आहे, कोरल ड्रॉमध्ये केलेल्या दोन-तीनशे जुन्या फाइली आहेत आणि एक पेन टॅबलेट आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन टाकलं, फोटोशॉप बसलं, उघडलंही. पण कुठलंही चित्र उघडलं की त्याच्या जागी काळा चौकोन दिसतो आणि टेक्स्ट टूल घेतलं की सगळंच बंद पडतं. पेन नुसतं माउससारखं चालतं, दाब ओळखत नाही. कोरलचा सेटअप तर अर्ध्यातच थांबतो. कुणी सांगतं व्हर्च्युअल मशीन कर, म्हणजे लिनक्सच्या आतच एका खिडकीत अख्खं विंडोज चालव, कुणी म्हणतं परत विंडोज टाक. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, इंटेलचं ग्राफिक्स आणि २५६ जीबीची एसएसडी. टर्मिनलची भीती वाटते. नेमकं काय करू?

उत्तर: परत विंडोज टाकायची घाई करू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात: फोटोशॉप बसलं आणि उघडलं. वाइनमध्ये बहुतेक जण अडकतात ते सेटअपलाच, आणि तो टप्पा तुमचा झालाय. राहिलेल्या तक्रारी मात्र एका घरच्या नाहीत. काळा कॅनव्हास ही ग्राफिक्सची तक्रार, टेक्स्ट टूल पडतं ही फॉन्टची, पेन ही टॅबलेटच्या जोडणीची आणि कोरल ही सेटअपची. 'वाइन नीट कसं करू' एवढाच प्रश्न घेऊन शोधत राहिलात तर दहा ठिकाणचे दहा उपाय एकमेकांवर चढतील आणि चालतंय तेही बिघडेल.

वाइन काय करतं ते आधी थोडक्यात बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरून सुचतात. वाइन म्हणजे विंडोज नाही, आणि विंडोजचं अख्खं यंत्र आत उभं करणारा प्रोग्रामही नाही. 'खिडकी उघड', 'फाइल दे', 'या फॉन्टमधली अक्षरं काढ' अशा ज्या मागण्या प्रोग्राम विंडोजकडे करतो, त्या वाइन लिनक्सकडून पुऱ्या करून घेतं. प्रोसेसरला जाणाऱ्या सूचना थेट जातात. त्यामुळे ब्लर, लेव्हल्स, लेयर एकत्र करणं ही फोटोशॉपची स्वतःची आकडेमोड विंडोजवर होते जवळपास तशीच होते. वाइनचा तिथे फारसा संबंधच येत नाही. संबंध येतो तो काठावर: सेटअप, परवान्याची तपासणी, ग्राफिक्स कार्ड, फॉन्ट आणि पेन. ग्राफिक्सचा कुठलाही प्रोग्राम वाइनमध्ये अडला तर या पाचांपैकी कुठे अडला ते आधी ठरवायचं. मग अर्धं काम झालं.

वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० आवृत्ती यायला २००८ चा जून उजाडला. त्या आवृत्तीत जे मोजके प्रोग्राम चाललेच पाहिजेत असं ठरवलं होतं, त्यात फोटोशॉप सीएस२ होतं. जुन्या फोटोशॉपकडे वाइनवाल्यांचं लक्ष पहिल्यापासून आहे. सीएस६ हे २०१२ चं, कायमच्या परवान्यावर मिळालेलं शेवटचं फोटोशॉप, त्यामुळे तुमची बाजू बरीच भक्कम आहे. त्यानंतरच्या, वर्गणीवर मिळणाऱ्या फोटोशॉपला मात्र यातलं फारसं काही लागू नाही. ते क्रिएटिव्ह क्लाउडच्या ॲपमधून बसतं आणि तिथेच लॉगिन मागतं, आणि ते ॲपच वाइनमध्ये धड चालत नाही. म्हणजे चित्राच्या कामापर्यंत गाडी पोचतच नाही.

स्वतंत्र खोली

सध्या तुमचं फोटोशॉप वाइनच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये बसलंय. होम फोल्डरमध्ये 'टिंब वाइन' नावाचं लपलेलं फोल्डर असतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसेल. याला वाइन प्रीफिक्स म्हणतात. आत 'ड्राइव्ह सी' असतो, त्यात प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज अशी ओळखीची फोल्डरं, आणि बाहेर रजिस्ट्रीच्या, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदींच्या, दोन-तीन साध्या मजकूर फाइली. या एका फोल्डरमध्ये तुम्ही फोटोशॉप बसवलंत, कोरलचा अर्धवट सेटअप चालवलात आणि मधल्या काळात आणखी काय काय करून पाहिलं असेल ते तुम्हालाच ठाऊक. कोरलने आणलेली एखादी डीएलएल (प्रोग्रामांना लागणारी सुट्या भागाची फाइल) फोटोशॉपच्या वाटेत येऊ शकते. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रोग्रामला वेगळा प्रीफिक्स द्यायचा. जागा थोडी जास्त जाते, पण एक बिघडला तर दुसऱ्याला झळ लागत नाही.

त्यासाठी टर्मिनल लागत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'विनेट्रिक्स' हे वाइनचं मदतनीस ॲप टाका आणि मेनूतून उघडा. पहिल्याच खिडकीत 'क्रिएट न्यू वाइनप्रीफिक्स' असा पर्याय असतो. तो निवडा, आर्किटेक्चर ६४ ठेवा, नाव द्या 'सीएस६', रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता. ३२-बिटचे प्रोग्रामही ६४ च्या प्रीफिक्समध्ये चालतात. सीएस६ चा सेटअप स्वतः ३२-बिटचा असतो आणि तो तुमच्याकडे चालला, म्हणजे वाइनचा ३२-बिटचा भाग मशीनवर आहेच. ज्यांच्याकडे नसतो त्यांना 'वाइन३२ मिसिंग' अशा अर्थाचा निरोप येतो आणि सेटअप हलतच नाही.

आता फोटोशॉपचा सेटअप लगेच चालवू नका. आधी याच प्रीफिक्समध्ये सुटे भाग बसवायचे. विनेट्रिक्समध्ये 'इन्स्टॉल अ विंडोज डीएलएल ऑर कॉम्पोनंट' निवडलं की भली मोठी यादी येते. त्यातल्या या पाचांवर खूण करा: एटीएमलिब, एमएसएक्सएमएल३, एमएसएक्सएमएल६, व्हीसीरन२००८ आणि व्हीसीरन२०१०. मग फॉन्टच्या यादीतून कोअरफॉन्ट्स. एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना वगैरे त्यातून येतात. एटीएमलिब ही एवढीशी फाइल, पण ती काढण्यासाठी विनेट्रिक्स विंडोज २००० चा अख्खा सर्व्हिस पॅक उतरवतं. सव्वाशे एमबीच्या आसपासचं ते ओझं उतरेपर्यंत खिडकी गोठल्यासारखी वाटेल. बंद करू नका.

जीडीआयप्लस हा विंडोजचा चित्रं-अक्षरं काढणारा भाग बरेच जण डोळे झाकून टाकायला सांगतात. आमचा सल्ला वेगळा आहे. वाइनचं स्वतःचं जीडीआयप्लस आता चांगलं चालतं, आणि मायक्रोसॉफ्टचं आणायचं तर विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक ओढावा लागतो, तो याहून कितीतरी मोठा. पॅलेटमधली चिन्हं गायब झाली, मेनू कोरे दिसले, तरच त्याच्या वाटेला जा. एकंदरीत लक्षणाशिवाय औषध नको. जितक्या मूळ डीएलएल आत भराल तितकं वाइन बाजूला सरतं, आणि मग बिघाड वाइनचा की मायक्रोसॉफ्टच्या फाइलचा हे सांगता येत नाही.

मध्येच 'चेकसम मिसमॅच' असा निरोप आला तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्टने त्या पत्त्यावरची फाइल बदललेली असते आणि तुमच्या विनेट्रिक्सला जुनीच खूण माहीत असते. मिंटच्या भांडारातलं विनेट्रिक्स बऱ्याचदा मागे असतं. नवं विनेट्रिक्स घेतलं की हे सुटतं.

त्यानंतर विनेट्रिक्समधूनच 'रन वाइनसीएफजी' करा, वाइनच्या सेटिंग्जची खिडकी उघडेल. पहिल्या टॅबवर खाली विंडोजची आवृत्ती असते, तिथे विंडोज ७ निवडा. नवं वाइन आपण होऊन विंडोज १० सांगतं, पण सीएस६ बाहेर पडलं तेव्हा विंडोज १० जन्मालाही आलं नव्हतं. ग्राफिक्सच्या टॅबवर 'इम्युलेट अ व्हर्च्युअल डेस्कटॉप' अशी चौकट आहे. तिच्यावर खूण करून तुमच्या पडद्याचं रिझोल्यूशन भरलंत तर फोटोशॉप आपल्या एका मोठ्या खिडकीत राहतं, आणि तरंगती पॅलेट दुसऱ्या खिडकीमागे जाऊन बसायची थांबतात. पहिल्यांदा खूण न करता पाहा. पॅलेट हरवायला लागली तर करा. त्याच टॅबवर डीपीआयची पट्टी असते, मूळ आकडा ९६. पडदा बारीक ठिपक्यांचा असेल आणि मेनू मुंगीएवढे दिसत असतील तर १४४ करा, म्हणजे दीडपट.

सेटअपचं अख्खं फोल्डर डिस्कवरून होम फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. नुसती सेटअपची फाइल उचलून चालत नाही, बाकीचं सामान तिला शेजारीच लागतं. मग विनेट्रिक्समध्ये 'रन ॲन आर्बिट्ररी एक्झिक्युटेबल' निवडून ती सेटअप फाइल दाखवा. हे विनेट्रिक्समधूनच करा. फाइल मॅनेजरमधून डबल क्लिक केलंत तर सगळं पुन्हा त्या जुन्या प्रीफिक्समध्ये जाऊन बसेल, आणि एवढी मेहनत केली तरी फरक का पडला नाही असं वाटेल.

आणि एक: वाइन कधीही रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने चालवू नका. एकदा चालवलंत की प्रीफिक्समधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि मग तुमच्या नेहमीच्या खात्यातून वाइन कुरकुर करतं. प्रीफिक्स विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवरही ठेवू नका. तिथेही हाच मालकीचा घोळ होतो.

काळा चौकोन

हा सोपा. फोटोशॉप कॅनव्हास दाखवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाकडे ओपनजीएलमधून (कार्डाशी बोलण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीतून) काम सोपवतं, आणि वाइन, ड्रायव्हर, कार्ड या साखळीत कुठेतरी सूर जुळत नाही. चित्र आत शाबूत असतं, फक्त पडद्यावर येत नाही. फोटोशॉपमध्ये 'एडिट', मग 'प्रेफरन्सेस', मग 'परफॉर्मन्स' उघडा. उजवीकडे 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' समोरची खूण काढा, ओके करा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. नुसती फाइल बंद करून पुन्हा उघडणं पुरेसं नाही.

याची किंमत काय? कॅनव्हास फिरवण्याचं टूल, खूप झूम केल्यावर दिसणारी पिक्सेलची जाळी, माउस ओढून झूम करणं या सोयी जातात. ऑइल पेंट आणि लायटिंग इफेक्ट्स ही फिल्टरं चालत नाहीत, थ्रीडीही बंद होतं. फोटो दुरुस्ती, मास्क, लेयर, रंग यांना काही फरक पडत नाही. ज्यांना ती फिल्टरं हवीतच त्यांनी खूण काढण्याऐवजी 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'ड्रॉइंग मोड' बेसिक करून पाहावा. कधी कधी तेवढ्यावर भागतं.

इंटेलच्या ग्राफिक्सला वेगळा ड्रायव्हर टाकायचा नसतो. तो कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) यांच्याबरोबर येतो, सिस्टिम अपडेट ठेवली की झालं. एनव्हिडियाचं कार्ड असतं तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचा ड्रायव्हर निवडा म्हटलं असतं. आणि फोटोशॉप उघडताक्षणीच पडत असेल, सेटिंगपर्यंत पोचूच देत नसेल, तर ते सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट तिन्ही एकत्र धरून ठेवा. सेटिंग्जची फाइल पुसू का असं विचारेल, हो म्हणा.

टेक्स्ट टूल

इथे संशयित दोन. पहिला एटीएमलिब, ही फॉन्टशी संबंधित डीएलएल, तो वर बसवला. दुसरा तुमच्या मशीनवरचे फॉन्ट. वाइन फक्त आपल्या ड्राइव्ह सी मधलेच फॉन्ट दाखवत नाही, लिनक्सवर बसलेले सगळे फॉन्ट प्रोग्रामपुढे ठेवतं. टेक्स्ट टूल हातात घेतलं की फोटोशॉप ती सगळी यादी चाळतं. त्यात रंगीत इमोजीचा फॉन्ट असतो, एकाच फाइलमध्ये जाड-बारीक सगळं असणारे व्हेरिएबल फॉन्ट असतात. २०१२ च्या प्रोग्रामने यातलं काहीच पाहिलेलं नाही. नव्या प्रीफिक्समध्येही टूल पडलं, तर तुम्ही स्वतः टाकलेले फॉन्ट तात्पुरते बाजूला काढा. ते होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'टिंब लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' या वाटेवर असतात. चाललं, तर अर्धे परत ठेवा. पुन्हा पडलं, तर त्या अर्ध्यांत दोषी आहे. असं अर्धं-अर्धं करत गेलात तर शंभर फॉन्टांतला एक सात फेऱ्यांत सापडतो.

देवनागरी मजकुराबद्दल एक वेगळी सूचना. टूल चालू झालं तरी सीएस६ मध्ये जोडाक्षरं फुटतील, वेलांट्या चुकीच्या बाजूला जातील. वाइनला दोष देऊ नका, हा त्या फोटोशॉपच्याच मजकूर मांडणीचा दोष आहे. अक्षरं इंकस्केप या लिनक्सवरच्या व्हेक्टर चित्रांच्या प्रोग्राममध्ये लिहा. तिथे देवनागरी व्यवस्थित जुळते. मग 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून पीएनजी किंवा पीडीएफ म्हणून काढा आणि फोटोशॉपमध्ये 'प्लेस' करा. मूळ मजकूर असलेली इंकस्केपची फाइल जपून ठेवा, पाथ झालेल्या अक्षरांत शुद्धलेखन सुधारता येत नाही.

पेन

आधी वाइन बाजूला ठेवा. क्रिटा टाका, तो लिनक्सचाच चित्रकलेचा प्रोग्राम आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेटच्या पानावर 'टॅबलेट टेस्टर' आहे. तिथे रेघ ओढली की शेजारी दाबाचा आकडा पळताना दिसतो. आकडा बदलत नसेल तर दोष लिनक्सच्या बाजूला, ड्रायव्हरचा. मग वाइनमध्ये काहीही केलंत तरी उपयोग नाही. वॅकॉमचे टॅबलेट बहुतेक वेळा जोडल्या जोडल्या चालतात, इतर बऱ्याच कंपन्यांच्या टॅबलेटसाठी 'ओपन टॅबलेट ड्रायव्हर' बघावा लागतो.

क्रिटामध्ये दाब लागतोय आणि फोटोशॉपमध्ये नाही, असं असेल तर एक साधी चूक तपासा: टॅबलेट आधी जोडलात की फोटोशॉप आधी उघडलंत? वाइन टॅबलेटची यादी प्रोग्राम सुरू होताना घेतं. मधूनच जोडलेला टॅबलेट त्याला माउसच वाटतो. टॅबलेट जोडा, मग फोटोशॉप उघडा. एफ५ दाबून ब्रशचं पॅनल आणा, 'शेप डायनॅमिक्स' निवडा, 'कंट्रोल'मध्ये 'पेन प्रेशर' ठेवा. त्याच्या शेजारी उद्गारचिन्हाचा छोटा त्रिकोण दिसला तर फोटोशॉपला दाब देणारा टॅबलेट सापडलेला नाही. त्रिकोण गेला की जमलं.

सीएस६ पेनशी जुन्या 'विनटॅब' पद्धतीने बोलतं आणि वाइनला नेमकी तीच येते. पुढे आलेली 'विंडोज इंक' पद्धत वाइनमध्ये भरवशाची नाही. त्यामुळे क्लिप स्टुडिओ पेंटसारखा ज्या प्रोग्राममध्ये दोन्हींतून निवडता येतं, तिथे विनटॅबच निवडा.

कोरल

कोरल ड्रॉचा नाद सोडा, असं स्पष्टच सांगतो. त्याचा सेटअप आणि परवाना तपासणारा भाग डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या पायाभूत सॉफ्टवेअरवर आणि ब्राउझरच्या अंगभूत तुकड्यांवर उभा आहे, आणि वाइनमध्ये तेच ढासळतं. एखादी जुनी आवृत्ती कुणाकडे चालत असेल, पण तुमचे आठ दिवस त्यात घालवण्याएवढं ते मोलाचं नाही. गंमत म्हणजे २००० मध्ये कोरल कंपनीनेच कोरल ड्रॉ ९ लिनक्ससाठी काढलं होतं, आणि तेही वाइनच्याच आधाराने. पुढे कंपनीने ती वाट सोडली.

तुम्हाला कोरल हवंय की कोरलच्या फाइली? पत्रावरून तरी फाइली. मग इंकस्केपमध्ये सीडीआर (कोरलची) फाइल थेट उघडून पाहा. लिबरऑफिस ड्रॉ आणि पानांची मांडणी करणारं स्क्रायबसही ती उघडतात. तिघांच्या मागे एकच लायब्ररी काम करते, त्यामुळे एकात काहीच दिसलं नाही तर दुसऱ्यात चमत्कार होण्याची आशा कमी. जुन्या आवृत्त्यांच्या फाइली बऱ्यापैकी येतात, अलीकडच्या आवृत्त्यांच्या अर्धवट. फाइल उघडण्याआधी तिच्यात वापरलेले फॉन्ट लिनक्सवर बसवून घ्या, नाहीतर मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये सांडतो. सगळ्या तीनशे एकदम उघडत बसू नका. दहा निवडा: दोन भरपूर मजकुराच्या, दोन मेश फिल असलेल्या, दोन पॉवरक्लिपच्या, दोन सावल्या आणि लेन्सच्या, दोन साध्या. साध्या बहुधा नीट येतील. मेश आणि लेन्स बहुधा नाहीत.

ज्या येत नाहीत त्यांच्यासाठी, जिथे कोरल चालतंय अशा एखाद्या मशीनवर एकदा दिवस काढा. प्रत्येक फाइलची प्रत करा, प्रतीतला मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबून त्याचे कर्व्ह करा, आणि पीडीएफ काढा. मूळ सीडीआर तशीच राहू द्या. छपाईला जाणारं काम असेल तर आणखी एक काळजी: इंकस्केप आत आरजीबीमध्ये रंग धरतं, त्यामुळे कोरलमधला शंभर टक्के काळा छपाईत चार रंगांचा मिसळलेला काळा होऊन बसतो आणि बारीक अक्षरांच्या कडा धूसर येतात. अशा कामाची शेवटची मांडणी स्क्रायबसमध्ये करा, तिथे सीएमवायके रंग आकड्यांनी देता येतो.

व्हर्च्युअल मशीन

८ जीबी रॅमवर रोजच्या कामासाठी नको. विंडोज ११ स्वतःसाठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क मागतं. उरलेल्या ४ जीबीत मिंट, ब्राउझर आणि व्हर्च्युअल मशीन स्वतः, आणि त्या आतल्या ४ जीबीत विंडोज आणि फोटोशॉप. दोन्हीकडे डिस्कवर लिहा-पुसा सुरू होते आणि ब्रश हाताच्या मागून येतो. शिवाय आतल्या विंडोजला तुमचं इंटेल ग्राफिक्स पुरतं मिळत नाही, आणि पेनचा दाबही वाटेत हरवू शकतो. विंडोजचा परवाना वेगळा लागतो तो लागतोच.

महिन्यातून एकदा कोरलच्या फाइली पीडीएफ करायच्या एवढंच काम असेल तर मात्र व्हर्च्युअल मशीन वाइनपेक्षा बरं. व्हर्च्युअलबॉक्स ७ किंवा त्यापुढचं घ्या, कारण विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) त्यात मिळतं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते पाहा. नसेल तर ६४-बिटचं विंडोज आत उभंच राहत नाही. ते मशीन चालू असताना ब्राउझर बंद ठेवा.

थोडं सांभाळून

वाइनच्या आतून झेड नावाचा ड्राइव्ह दिसतो, तो म्हणजे तुमचं अख्खं लिनक्स. 'माय डॉक्युमेंट्स'ही बहुधा तुमच्या खऱ्या डॉक्युमेंट्स फोल्डरला जोडलेलं असतं. फोटोशॉपच्या खिडकीतून तिथली फाइल पुसलीत तर ती खरोखरच गेली. आणि इंटरनेटवरून उचललेल्या 'क्रॅक'मधला व्हायरस वाइनमध्येही चालू शकतो आणि त्याच झेडमधून तुमच्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. वाइनसीएफजीच्या 'ड्राइव्ह्ज' टॅबमधून झेड काढता येतो. विनेट्रिक्सच्या सेटिंग्जमध्ये 'सँडबॉक्स' आहे, तो होम फोल्डरशी असलेले दुवे तोडतो. त्याने नासधूस करणं अवघड होतं, अशक्य होत नाही.

सगळं मनासारखं चालू लागलं त्या दिवशी, होम फोल्डरमध्ये 'टिंब लोकल', 'शेअर', 'वाइनप्रीफिक्सेस' या वाटेवरचं 'सीएस६' फोल्डर फोटोशॉप बंद करून दुसरीकडे कॉपी करून ठेवा. तोच तुमचा बॅकअप, वेगळं काही लागत नाही. वाइनची नवी आवृत्ती टाकण्याआधी ही प्रत हवीच. नवं वाइन पहिल्यांदा चालताना प्रीफिक्स आपल्या पद्धतीने बदलून घेतं आणि मागे जाणं सोपं नसतं. वाइनची स्थिर आवृत्ती वर्षातून एकदा येते, चाचणीची दर दोन आठवड्यांनी. तुम्ही स्थिरवरच राहा.

बॉटल्स नावाचं ॲप कुणीतरी नक्की सुचवेल. चांगलं आहे, दिसायला विनेट्रिक्सपेक्षा कितीतरी सुबक. फक्त ते फ्लॅटपॅकच्या, म्हणजे ॲप बाकीच्या सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या पॅकेजच्या, कुंपणात चालतं, आणि त्याला तुमचं सगळं होम फोल्डर दिसत नाही. सेटअप सुरू होऊन लगेच मिटला तर बहुधा शेजारच्या फाइली त्याला दिसलेल्या नसतात. अख्खं सेटअप फोल्डर बॉटलच्या ड्राइव्ह सी मध्ये नेऊन ठेवलं की चालतो. तुमच्याकडे वाइन आहेच, तर आता मध्येच गाडी बदलू नका.

दुसरा एखादा प्रोग्राम वाइनमध्ये चालेल का हे पाहायला वाइनचा ॲपडीबी, म्हणजे लोकांनी केलेल्या चाचण्यांच्या नोंदींची वेबसाइट आहे. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ, गार्बेज अशा श्रेणी असतात. श्रेणीपेक्षा चाचणीची तारीख आणि वाइनची आवृत्ती आधी वाचा. दहा वर्षांपूर्वीच्या प्लॅटिनमवर आज भरवसा ठेवता येत नाही. इरफानव्ह्यू मजेत चालतं. नव्या पेंट डॉट नेटची आशा धरू नका, त्याऐवजी पिंटा वापरून पाहा.

एवढं करूनही टेक्स्ट टूल पडलंच तर टर्मिनलशी पाच मिनिटांची ओळख करून घ्यावी लागेल. विनेट्रिक्समध्ये 'सीएस६' प्रीफिक्स निवडा आणि 'रन अ कमांडलाइन शेल' करा. उघडलेल्या खिडकीत रोमन अक्षरांत 'वाइन' लिहा, एक जागा सोडा, फाइल मॅनेजरमधून फोटोशॉपची एक्सई फाइल ओढून तिथे टाका आणि एंटर दाबा. ओळींचा पाऊस पडेल. 'फिक्समी'ने सुरू होणाऱ्या ओळी सोडून द्या, त्या वाइन बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा आहेत आणि नीट चालणाऱ्या प्रोग्राममध्येही दिसतात. 'एरर' या अर्थाच्या 'ईआरआर'ने सुरू होणाऱ्या आणि कुठल्याशा डीएलएलचं नाव घेऊन 'नॉट फाउंड' म्हणणाऱ्या ओळी कामाच्या. टूलवर क्लिक केल्यानंतर आलेल्या अशा शेवटच्या चार-पाच ओळी आणि तुमच्या वाइनची आवृत्ती आम्हाला कळवा.